सिस्टर, एक विचारू? : वॉर्डात कोण काय करतं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, भरती झालेल्या माणसाच्या पलंगाशी दिवसभरात किती जण येऊन जातात ते एकदा मोजून बघा. बऱ्याच वाचकांनी खरंच मोजलं. कुणी ९ लिहिले, कुणी १४. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न : हे सगळे कोण असतात आणि ऐकायचं कुणाचं? म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच पत्रांना देते. मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ वर्षं न्यूरो वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून. त्यामुळे उदाहरणं अर्धांगवायूची जास्त येतील, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे. अर्धांगवायूचा झटका आला म्हणून भरती केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, ‘त्यांना अजिबात उठवू नका.’ दुपारी फिजिओथेरपिस्ट आले आणि त्यांनी बाबांना चक्क पलंगाच्या कडेला बसवलं. राऊंडच्या डॉक्टरांनी ‘तोंडाने थोडं थोडं सुरू करा’ असं सांगितलं होतं, तर संध्याकाळी आलेल्या एक मॅडम म्हणाल्या, पाण्याचा थेंबही नको. चौघांची चार तोंडं. आम्ही काय समजायचं? – एक मुलगी

ताई, चौघांनाही मी ओळखत नाही, पण चौघंही बरोबर असावेत असं मला वाटतं.

आधी उठवण्याचं बघू. सकाळी सिस्टरांनी बीपी घेतलं असणार आणि ते खाली असणार. मेंदूचा एक भाग आधीच रक्तावाचून तडफडतोय, त्यात माणसाला उभं-आडवं केलं आणि बीपी आणखी घसरलं तर नुकसान वाढतं. म्हणून ‘उठवू नका’. दुपारपर्यंत बीपी स्थिरावलं, फिजिओथेरपिस्टनी केसपेपर पाहिला, धडाला तोल आहे का हे बघायला ५ मिनिटं बसवलं. दोघांच्या बोलण्यात सहा तासांचं अंतर आहे, विरोध नाही. किती लवकर आणि किती वेळ उठवायचं यावर जाणकारांचंही मत बदलत आलंय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन हजारांवर रुग्ण होते. त्यात पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेले रुग्ण तीन महिन्यांनी इतरांपेक्षा थोडे मागेच राहिलेले दिसले. त्याआधी आम्ही ‘जितकं लवकर तितकं बरं’ म्हणत होतो.

आता पाणी. त्या संध्याकाळच्या मॅडम म्हणजे स्पीच थेरपिस्ट. नावात ‘स्पीच’ आहे म्हणून लोकांना वाटतं, बोलायला शिकवायला आल्यात. बोलणं तर नंतर बघू म्हणतात आणि त्यांना परत पाठवतात. पण गिळणं तपासणं हे त्यांचंच काम आहे. बोलायला आणि गिळायला जीभ, घसा, स्वरयंत्र सगळं तेच लागतं.

हे मलाही उशिरा कळलं. नोकरीला २० वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका आजोबांची मुलगी सकाळपासून मागे लागली होती, ‘सिस्टर, ओठ सुकलेत हो त्यांचे, एक चमचा तरी.’ मी पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केला, चमचाभर पाणी दिलं. गिळलं. ठसका नाही, खोकला नाही. दुसरा चमचा दिला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, मलाही बरं वाटलं. तेवढ्यात स्पीच थेरपिस्ट आली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने काही न बोलता आणखी एक चमचा दिला, बोटं आजोबांच्या घशावर हलकी ठेवली, घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबली आणि म्हणाली, ‘आजोबा, आऽ करा.’ आजोबांनी ‘आऽ’ केलं. गुळण्या करताना आवाज येतो ना, तसा ओला, बुडबुड्यांचा आवाज. ती म्हणाली, ‘सिस्टर, पाणी वरच बसलंय, स्वरयंत्रावर. यांना ठसका लागत नाही, हाच तर त्रास आहे.’

ठसका लागला नाही म्हणजे सगळं सुरळीत, असं मी २० वर्षं धरून चालले होते. काही रुग्णांमध्ये ठसका लागण्याची संवेदनाच गेलेली असते. पाणी, लाळ गुपचूप फुप्फुसात उतरते आणि चार दिवसांनी ताप, न्यूमोनिया. त्या दिवसापासून कुणालाही चमचा दिला की मी ‘आऽ’ करायला लावायचे. पण तपासणीचा निर्णय मी तिच्यावरच सोडायचे. तिची एक युक्ती उचलली म्हणून तिचं काम मला येतं असं होत नाही.

डॉक्टर ‘सुरू करा’ म्हणाले तेही चूक नव्हतं. त्यांचा अर्थ होता, पोटाचं मार्गी लावा, उपाशी ठेवू नका. कोणत्या वाटेने, किती पातळ, किती घट्ट, हे ठरवायला त्यांनीच स्पीच थेरपीचा रेफरन्स टाकला असणार. पातळ-घट्टाच्याही आता ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरलेल्या आहेत. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे नेहमीचं अन्न.

तुम्ही एवढंच करा. कुणीही सूचना दिली की विचारा, ‘हे कधीपर्यंत? आणि बदलायचं कोण ठरवणार?’ एका वहीत लिहा. पुढचा माणूस वेगळं बोलला तर वही दाखवा. वाद घालू नका, नुसती वही दाखवा.

प्रश्न : सासूबाईंना ‘उद्या ओटी येईल’ असं सांगितलं आणि त्या रात्रभर रडल्या. ऑपरेशन ठरलं असंच आम्हाला वाटलं. सकाळी एक मुलगी आली आणि तिने त्यांना ब्लाउज घालायला शिकवलं! ही फिजिओथेरपीच ना? – एक सून

तुमच्या सासूबाईंचं मी समजू शकते. आमच्याकडेही एका काकूंनी याच शब्दावरून देव पाण्यात घालायचे बाकी ठेवले होते. एक ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, दुसरी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत त्याला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात आणि त्याने घोटाळा आणखी वाढतो. ‘आता या वयात कसला व्यवसाय’ असं एका आजींनी मला ऐकवलं होतं.

नाही, ही फिजिओथेरपी नाही. फिजिओथेरपिस्ट पायात ताकद आणि तोल आणतो. तो पाय चपलेत कसा घालायचा, चपलेला पट्टा हवा की नको, न्हाणीघरात आधाराची दांडी कुठे हवी, हे ओटी बघते. ब्लाउज शिकवताना तिने आधी लुळा हात बाहीत घातला असेल, मग चांगला. काढताना उलट, चांगला आधी. घरी हाच क्रम ठेवा. आणि लुळ्या हाताला धरून कधीही ओढून उठवू नका, खांदा निखळतो. हे दोघांपैकी कुणीही सांगेल. दोघांची कामं कुठेकुठे एकमेकांवर चढतात. चढू द्यावीत. एकाच गोष्टीकडे दोघांनी बघितलं तर बिघडत नाही. ‘ती बघेल’ म्हणून तो गेला आणि ‘तो बघेल’ म्हणून ती, तिथे बिघडतं.

प्रश्न : मी निवासी डॉक्टर आहे, पहिल्या वर्षाला. रात्री मी अमिकासिन हे अँटिबायोटिक लिहिलं. सिस्टर पेशंटच्या समोर म्हणाल्या, ‘सर, यांचं क्रिएटिनिन वाढलंय, डोस एकदा बघता का?’ डोस कमी करावा लागला, हे मान्य. पण नातेवाइकांसमोर माझी काय किंमत राहिली? प्रत्येकाने आपापल्या मर्यादेत राहावं असं नाही का वाटत? – एक डॉक्टर

डॉक्टर, पत्र पाठवलंत हेच मोठं आहे. पुष्कळ जण मनात ठेवतात आणि पुढे दहा वर्षं त्या वॉर्डाशी फटकून वागतात.

तुमचा राग दोन गोष्टींचा आहे, त्या वेगळ्या करू. एक, सगळ्यांसमोर बोलल्या. हे टाळता आलं असतं. पलंगापासून चार पावलं बाजूला येऊन बोलता आलं असतं. मी इन्चार्ज असते तर त्यांना तेवढं सांगितलं असतं. दुसरी, मर्यादा ओलांडली. इथे मी तुमच्या बाजूने नाही. इंजेक्शन देणारा हात त्यांचा आहे. औषध लिहिणं तुमचं काम. दिलं जाण्याआधी माणूस, औषध, डोस, वाट, वेळ ताडून पाहणं त्यांचं काम. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी अधू, आणि किडनी अधू असताना अमिकासिन साचतं आणि किडनीवर, कानांवर उठतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर मर्यादेत राहिल्या नसत्या, कामचुकारपणा केला असता.

गप्प राहण्याने काय होतं त्याची एक गोष्ट जगभरच्या शिकवण्यांमध्ये सांगितली जाते. २००५ साली इंग्लंडमध्ये एका तरुण आईचं सायनसचं साधं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासाची वाट मिळेना. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालायच्या प्रयत्नात गुंतले, मिनिटांमागून मिनिटं गेली. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वास द्यायचं सामान आणून ठेवलं, ते तयार असल्याचं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत पलंग राखायला फोन केला. परत आली तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ‘कशाला एवढं?’ असा भाव दिसला म्हणून तिने तो पलंग रद्द केला. काय करायला हवं ते त्या दोन्ही नर्सना उमगलं होतं. बोलायचं कसं, ते उमगलं नव्हतं. ती बाई १३ दिवसांनी गेली. तिचा नवरा वैमानिक. आमच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाने असं गप्प बसू नये म्हणून खास प्रशिक्षण देतात, तुमच्याकडे का नाही, असं तो विचारत राहिला आणि पुढे याच कामाला लागला. विमानवाल्यांनाही ते शहाणपण फुकट मिळालेलं नाही. १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती झटकली.

किंमत जाते म्हणता, तर दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या पायऱ्या ठरवल्या. हात धुणं, रुग्णाला पूर्ण झाकणं, असल्या. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला दिला. २००६ साली निकाल छापून आले : तीन महिन्यांत रक्तातल्या जंतुसंसर्गाचा मध्यांक शून्यावर आला होता, म्हणजे निदान निम्म्या आयसीयूंमध्ये असा संसर्ग एकही नव्हता. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं.

ऑपरेशन थिएटरमधली जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा तपासणीची यादी तुम्ही वापरत असाल. छेद घेण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, हे तिच्यात आहे. बरेच सर्जन ते ‘झालं झालं’ म्हणून उरकतात. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. नाव सांगायचा फायदा मला विचाराल तर एवढाच : एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहज उघडतो.

आता आम्हा सिस्टर लोकांचाही दोष सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही आपल्याच जातीची बाजू घेते. रात्री दोनला फोन करून ‘सर, १२ नंबर बरा वाटत नाही’ एवढंच बोलणारी सिस्टर डॉक्टरचा छळ करते. त्याने काय समजावं? अमेरिकेच्या पाणबुड्यांमधली एक पद्धत दवाखान्यांत आली, तिला ‘एसबार’ म्हणतात. मी माझ्या वॉर्डातल्या नर्स मुलींना मराठीत शिकवली : आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ‘सर, १२ नंबर, श्वास ३२, ऑक्सिजन ८८. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. मला फुप्फुसाचं काहीतरी वाटतंय. तुम्ही येऊन बघा.’ वीस सेकंद लागतात. तिसरं वाक्य म्हणायला मुली घाबरायच्या. ‘मला वाटतं’ कसं म्हणायचं, निदान तर डॉक्टरांनी करायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, निदान करू नकोस, शंका सांग. शंका घेणं कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही.

तुम्ही उद्या त्या सिस्टरांना ‘काल बरं झालं सांगितलंत’ म्हणा. पुढच्या वेळी बाजूला घेऊन सांगा, हेही म्हणा. दोन्ही एकाच दमात.

प्रश्न : मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. वॉर्डात जाऊन काही सांगितलं की ‘तुम्ही गोळ्या मोजा’ असं ऐकावं लागतं. जाणं सोडून देऊ का? – एक फार्मासिस्ट

सोडू नका. तुमच्यासारख्याच एकाने मला वाचवलंय.

रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी असलेला रुग्ण, बीपीची गोळी. मी खलबत्त्यात कुटली, पाण्यात कालवली, नळीतून दिली. रोजचं काम. फार्मासिस्ट धापा टाकत जिना चढून आले. ‘सिस्टर, कुटली का?’ गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी होती. कुटली म्हणजे २४ तासांचा डोस एकदम पोटात. तासाभरात बीपी कोसळायला लागलं, पण तोवर डॉक्टर पलंगाशी होते, पाय वर केले होते, सलाईन चालू होतं. फार्मासिस्टनी ते साठ्याच्या वहीत नळीचा रुग्ण आणि गोळीचं नाव एका ओळीत पाहून ओळखलं होतं. मी नाव वाचलं होतं, पण गोळी हळू विरघळणारी आहे हे सांगणारी नावापुढची दोन अक्षरं वाचली नव्हती.

डिस्चार्जच्या वेळीही वॉर्डात जात जा. घरची जुनी गोळी आणि इथली नवी, कंपनी वेगळी, नाव वेगळं, आत औषध तेच. माणूस घरी जाऊन दोन्ही घेतो. हे तुमच्या डोळ्यांना दिसतं, आमच्या नाही. आणि ‘गोळ्या मोजा’ म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका, इन्चार्ज सिस्टरला धरा. वॉर्डात कुणाचं बोलणं कुठे पोचवायचं ते तिला ठाऊक असतं.

प्रश्न : मी वैद्यकीय समाजसेविका. डॉक्टरांना मी फक्त आर्थिक मदतीचे कागद भरण्यापुरती आठवते. उपचाराच्या चर्चेला बोलवत नाहीत. – एक समाजसेविका

सिसिली सॉन्डर्स हे नाव तुम्ही शिकताना ऐकलं असेल. आधी नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्याने ते सुटलं, मग तुमच्याच खात्यात, रुग्णालयातल्या समाजसेविका. मरणाला टेकलेल्या माणसांचं दुखणं कुणी धड ऐकत नाही असं वाटलं म्हणून वयाच्या ३८-३९ व्या वर्षी, १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला त्यांनी पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अशा माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, उघडलं. दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचंही असतं, असं त्या मांडत. तीन खुर्च्यांवरून बघितल्याशिवाय ते दिसलं नसतं. आपल्याला एका जन्मात तीन पदव्या घेणं जमत नाही, म्हणून शेजारच्या खुर्चीतल्याला विचारायचं.

बोलावण्याची वाट मात्र बघू नका. राऊंडला उभ्या राहा आणि एकच ठोस गोष्ट सांगा : ‘यांच्या घरी दिवसा कुणी नसतं, चार वेळचं इन्सुलिन कोण देणार?’ औषधाचा आराखडा तिथल्या तिथे बदलतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तुमच्यासाठी राऊंड थांबेल.

प्रश्न : नर्सिंग कॉलेजात शिकवतो. ‘आंतरव्यावसायिक सहकार्य’ हा धडा मुलं पाठ करतात आणि विसरतात. काय करू? – एक शिक्षक

नावच असं आहे की विसरावंसं वाटेल. त्यासाठीच्या शिक्षणाची जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केलेली व्याख्या मात्र सोपी आहे : दोन किंवा अधिक पेशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. तुमची मुलं फक्त ‘विषयी’ शिकतात.

मेडिकलची चार, फार्मसीची चार, फिजिओची चार मुलं बोलवा. प्रत्येकाला शेजारच्याच्या कामाबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगा आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या हातात लाल पेन द्या. मी एकदा केलं होतं. फिजिओच्या मुलाने आमच्या मुलीचं ‘व्यायाम आणि मालिश’ हे वाक्य खोडून वर लिहिलं : ‘आयसीयूत छातीतला कफ मोकळा करतो, व्हेंटिलेटर काढायला मदत करतो.’ आमच्या मुलीने त्याचं ‘डॉक्टरांना मदत करणे’ खोडलं आणि इतकं लिहिलं की कागद पुरला नाही.

प्रश्न : वॉर्डातल्या मावशी या टीममध्ये धरायच्या का? – एक वाचक

उजव्या मेंदूला झटका आलेले एक गृहस्थ होते. जेवण कमी जातंय म्हणून आम्ही आहारतज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी प्रमाण बदललं, तरी ताटात तेवढंच उरायचं. राऊंड चालू असताना मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या, ‘भूक आहे त्यांना. पण ताटातलं डावीकडचं कधीच संपत नाही. उजवीकडचं चाटूनपुसून.’ डॉक्टर थबकले. कागद मागवला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. गृहस्थांनी बारापासून सहापर्यंतचे आकडे नीट काढले आणि डावी बाजू कोरी ठेवून पेन्सिल खाली ठेवली. डावं जगच त्यांच्या लेखी नव्हतं. ओटीने उपचार सुरू केले, आणि ते लागू पडेपर्यंत मावशी अर्धं जेवण झालं की येऊन ताट फिरवून ठेवायच्या.